प्लेगने टिळकांना दोषी ठरवलं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. मथितार्थ असा: साथीच्या दिवसांत माणूस मरणाच्या धास्तीत असतो, म्हणून ज्यूरी (खटल्यात कौल देणारे सामान्य नागरिक) कडक होते आणि आरोपीला दोषी ठरवून मोकळी होते; तेव्हा सामान्य माणसाच्या हाती न्याय देऊ नका. 1897 मध्ये प्लेगच्या दहशतीमुळेच ज्यूरीने टिळकांना तुरुंगात धाडलं. हे प्रयोगाने सिद्ध झालंय. आणि कोरोनात अमेरिकेतल्या ज्यूरींनीही तेच केलं. ऐकायला पटतं, म्हणूनच इतकं पसरलंय. एकेक घेऊ.

‘प्लेगच्या दहशतीत ज्यूरीने टिळकांना दोषी ठरवलं.’

आधी तारखा बघा. मुंबईतल्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो सप्टेंबर 1896 मध्ये. मुंबईत हाहाकार उडाला तो त्यापुढच्या हिवाळ्यात. टिळकांचा खटला उभा राहिला 8 सप्टेंबर 1897 ला आणि निकाल लागला 14 ला. तोवर पावसाळ्यात साथ ओसरली होती. आरोप होता राजद्रोहाचा, कलम 124-अ खाली, 15 जूनच्या ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल. पुण्यात प्लेगसाठी घरोघर झडत्या घेणारा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या 22 जूनला. त्या खुनाचा आरोप टिळकांवर नव्हता. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी मात्र दोन्हींची गाठ केव्हाच मारून टाकली होती.

आता ज्यूरी. नऊ जण: सहा युरोपियन, तीन भारतीय. कौल सहा विरुद्ध तीन. सहाही युरोपियन ‘दोषी’ म्हणाले, तिन्ही भारतीय ‘निर्दोष’. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथे क्षणभर थांबायला हवं होतं. प्लेगने माणसं कुणाची नेली? घरं कुणाची उघडली गेली, सामान कुणाचं रस्त्यावर आलं? भीतीने माणूस कडक होत असेल, तर या तिघांनी सगळ्यांत आधी ‘दोषी’ म्हणायला हवं होतं. झालं नेमकं उलटं.

कायद्याची एक बारीक गोष्टही लक्षात घ्या. हायकोर्टात एकमताची अट नव्हती. किमान सहा जण एका बाजूला आणि न्यायाधीश सहमत, एवढं पुरे. म्हणजे टिळकांना 18 महिने सक्तमजुरी झाली ती अगदी काठावरच्या आकड्यावर. सहातला एक जरी फुटता, तरी त्या कौलावर शिक्षा देता आली नसती. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला ‘अप्रीती’चा अर्थ सांगितला तो प्रीतीचा अभाव! सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा म्हटल्यावर बाकी काय उरलं? आणि मूळ मजकूर मराठी, ज्यूरीसमोर मांडला गेला तो त्याचा इंग्रजी अनुवाद.

तरीही शंका असेल तर टिळकांवरचा 1908 चा राजद्रोहाचा खटला घ्या. त्याच्या मुळाशी प्लेग नव्हता, मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतरचे ‘केसरी’तले लेख होते. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. दोन्ही वेळा कौलाचा आकडा ज्यूरी कशी बसवली त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

‘हे प्रयोगाने सिद्ध झालंय.’

यामागे बहुतेक 1989 चा एक प्रसिद्ध प्रयोग असावा. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये काहींना आधी स्वतःच्या मृत्यूबद्दल विचार करायला लावला आणि मग वेश्याव्यवसायाच्या एका प्रकरणात जामिनाची रक्कम ठरवायला सांगितलं. मृत्यूची आठवण झालेल्यांनी सरासरी 455 डॉलर ठरवले, इतरांनी 50. पण हे लोक ज्यूरर नव्हते हो, न्यायाधीश होते! फॉरवर्डचा सूर ‘सामान्य माणसाच्या हाती न्याय देऊ नका’ असा आणि पुरावा न्यायाधीशांचा. शिवाय जामीन ठरवणं म्हणजे दोषी ठरवणं नव्हे. मृत्यूच्या आठवणीचा परिणाम पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासला, तेव्हा तो सापडलाच नाही.

‘कोरोनात अमेरिकेत तेच झालं.’

2020 मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच कोर्टांत कित्येक महिने ज्यूरी बसलीच नाही, तर कडक कुठून होणार? बसली तिथे वातावरण वेगळं होतं, हे खरं. मिनिॲपोलिसमध्ये 2021 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाबद्दल पोलीस डेरेक शॉविनचा खटला चालला तेव्हा ज्यूरर तोंडावर मास्क लावून अंतराअंतरावर बसले होते आणि मध्ये पारदर्शक पडदे होते. पण घाई? त्यांनी सुमारे दहा तास विचारविनिमय केला, दोन दिवसांत मिळून. तो कौल एकमताचा होता. योगायोग असा की कोरोनाच्याच धामधुमीत, एप्रिल 2020 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात ज्यूरीचं एकमत सगळ्या राज्यांना बंधनकारक केलं. त्या नियमात टिळकांचा सहा-तीन टिकला नसता.

मग साथीचा परिणाम होतच नाही का? होतो, पण तो ज्यूररच्या डोक्यात शोधण्याआधी दारात शोधावा. समन्स गेलं तरी येतो कोण? ज्याच्या घरी आजारी आई आहे तो सूट मागतो, रोजंदारीवाला मागतो, सत्तरीचे आजोबा मागतात. उरतात ते खुर्चीत बसतात. स्कॉटलंडमध्ये तर कोर्टात जागा पुरेना म्हणून पंधरा-पंधरा ज्यूररना मल्टिप्लेक्समध्ये बसवलं. साक्षीपुरावा त्यांनी सिनेमाच्या पडद्यावर पाहिला.

आणि दुसरा परिणाम म्हणजे तुंबलेले खटले. इंग्लंड-वेल्सच्या क्राऊन कोर्टांत 2019 च्या अखेरीस सुमारे 38 हजार खटले पडून होते. 2021 च्या मध्यापर्यंत ते 60 हजारांच्या घरात गेले. साक्षीदार तीन वर्षांनी उभा राहतो तेव्हा गाडी निळी होती की काळी हे त्यालाही आठवत नसतं, आणि अशा साक्षीवर ज्यूरी कौल देते.