घोड्याचा चारा

"काल्पनिकच आहे ना? मग काय, सुचेल ते लिहायचं!" अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागतं, लिफ्टमध्ये ऐकावं लागतं, आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही ऐकावं लागतं. मी मान डोलावते. माझा दिवस जादूत जात नाही, चाऱ्यात जातो, हे सांगून कोणाला पटणार?

जादूचं काय हो, ती फुकट असते. राजपुत्राने बोट उगारलं, दगडाचं पाणी झालं, वाचक मुकाट्याने पान उलटतो. त्याच राजपुत्राचा घोडा एका रात्रीत २०० किलोमीटर गेला, की तोच वाचक पेन्सिल घेऊन बसतो. साध्या चालीने घोडा तासाला सहा-सात किलोमीटर जातो, दुडकत बारा-तेरा. चौखूर उधळला तर चाळीसच्या पुढे, पण ते काही मिनिटांपुरतं. रोजच्या रोज न्यायचा असेल तर दिवसाला ४०-५० किलोमीटर धरावेत, तेही रस्ता बरा असेल आणि मधूनमधून एखादा दिवस विश्रांती असेल तर. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वैरण-दाणा आणि २५-३० लिटर पाणी लागतं. सिनेमातले घोडे बहुधा डिझेलवर चालत असावेत.

आता १,००० स्वार वाळवंटातून बारा दिवस न्यायचे आहेत. रोजची वैरण दहा टन. बैलगाडीत अर्धा टन धरला तर दिवसाच्या वीस गाड्या, बारा दिवसांच्या २४०. त्यांना ४८० बैल. बैलही खातात! त्यांच्या वैरणीला आणखी गाड्या, त्या गाड्यांना आणखी बैल. शिवाय गाडी दिवसाला वीसेक किलोमीटरच जाणार, म्हणजे बारा दिवसांचे झाले पंचवीस आणि सगळा हिशेब पुन्हा दुप्पट. पाणी मी अजून मोजलेलंच नाही, ते वजनाने वैरणीच्या अडीच-तीनपट भरतं. यावर इलाज तीनच. स्वार पन्नासवर आणावेत, वाळवंटाचं माळरान करावं, नाहीतर वाटेत नदी घालावी. मी नदी घालते आणि तिथून नकाशाचं दुखणं सुरू होतं.

नवख्या नकाशात एकाच सरोवरातून तीन दिशांना तीन नद्या निघतात. पाण्याला एवढी हौस नसते. सरोवराच्या काठावर जी जागा सगळ्यात खोलगट, तिथूनच ते बाहेर पडतं आणि एकदा पडलं की तीच वाट आणखी खोल होत जाते. नद्या एकमेकींना मिळतात. फाटे फुटतात ते मुखाशी, सपाटीवर. जंगल डोंगराच्या कुठल्या अंगाला हवं, तेही वारा ठरवतो, लेखक नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही पोचत नाही. तेव्हा जादूचं अरण्य डोंगराच्या कोरड्या बाजूला लावलं असेल, तर आधी वारा फिरवा. खरा भूगोल मात्र खुशाल वाट्टेल ते करतो. कृष्णा उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर, आणि ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. मी कादंबरीत असं केलं असतं तर संपादकाने समासात लाल प्रश्नचिन्ह काढलं असतं.

चंद्राचंही तसंच. मी मागच्या कुठल्या तरी वर्षाची दिनदर्शिका भिंतीला टांगते आणि कथा तिच्यावरून चालवते. पौर्णिमेचा चंद्र मावळतीच्या सुमाराला उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. कृष्ण चतुर्थीला संध्याकाळी सातला चंद्र वर काढायची चूक मराठीत करूच नये. संकष्टीचा उपास धरणारे वाचक हे प्रकरण पोटाने वाचतात.

एवढं सगळं जुळलं की व्याकरण दार अडवून उभं राहतं. बुरखा घातलेलं पात्र पुरुष की बाई, हे शेवटपर्यंत लपवायचं आहे. निवेदनात 'व्यक्ती' म्हणून भागतं, तो शब्द कुणालाही बिनतक्रार स्त्रीलिंगी ठेवतो. पण व्यक्तीने तोंड उघडलं, 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हटलं, की संपला बुरखा. त्यामुळे या पात्राने येऊ नये, जाऊ नये, बसू नये. भविष्यकाळात चालतं : 'येईन', 'जाईन'. भूतकाळात वार करावा, दार उघडावं, भाकरी खावी, कारण 'मी भाकरी खाल्ली'त काहीच कळत नाही. पाणी मात्र पिऊ नये. 'प्यायलो' की 'प्यायले', लगेच उघडं पडतं. बोलू नये, विसरू नये. 'म्हणालो' टाळून 'म्हटलं' करावं. दुसऱ्यांनी त्याच्याशी 'तुम्ही आलात' असं आदराने बोलावं, तिथे लिंग दिसत नाही. माझी बुरखाधारी पात्रं म्हणूनच सतत भाकरी खातात आणि तहानलेली असतात.

नाव ठरवताना ते सगळ्या विभक्तींतून फिरवून पाहावं : ने, ला, चा, त, हून. गाव 'ओरुंबे' ठेवलं तर 'ओरुंब्याला' सहज जाता येतं, जसं पुण्याला. पण महाप्रतापी सम्राट 'डोरका' एका पानावर 'डोरकाने तलवार उपसली' आणि पुढच्या पानावर 'डोरक्याने' झाला, की तो सम्राट राहत नाही, वाड्यातला आगाऊ पोरगा होतो. शेवटी व्यंजन असलेली नावं बरी. ती प्रत्यय निमूट अंगावर घेतात.

'प्रेरणा कोणाची?' असं विचारलं की मी 'बृहत्कथा' लिहिणाऱ्या गुणाढ्याचं नाव सांगते. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागर या संस्कृत कथासंग्रहात त्याची हकिकत दिली आहे. सातवाहन राजा, तोच आपल्या पैठणचा, जलक्रीडा करत होता. राणी म्हणाली, मला 'मोदकैः' मारा, म्हणजे मा उदकैः, पाण्याने नको. संधी न कळलेल्या राजाने मोदक मागवले. हसं झाल्यावर त्याला संस्कृत शिकायची घाई झाली. सहा वर्षं लागतील, गुणाढ्य म्हणाला. सहा महिन्यांत शिकवतो, दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला. गुणाढ्य पैज हरला, आणि पैजेत त्याने संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा लावल्या होत्या! उरली पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा. तिच्यात त्याने सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले, आणि रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ते परत पाठवलं. भाषा पैशाची, शाई रक्ताची, त्याला किळस आली. गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा.

इथपर्यंत दुःख आहे. पुढची कारागिरी बघा. जनावरं डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली आणि चरायची थांबली. चरेनात म्हणून वाळली. राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला. वैद्यांनी मांसाला दोष दिला, स्वयंपाक्यांनी शिकाऱ्यांना, आणि शिकाऱ्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं. राजा धावत पोचला तेव्हा सहा लाख जळले होते, एक लाख उरले होते.

सोमदेवालाही चाऱ्याचा हिशेब ठेवावा लागला होता तर. माझे हजार स्वार अजून अलीकडच्या काठावरच उभे आहेत. ४८० बैलांचं काय करायचं, ते आज बघते.