‘फुकट मिळालं की किंमत राहत नाही’

सर्वांसाठी आरोग्यसेवेचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. ‘थोडे तरी पैसे घ्या हो, फुकटचं लोक वापरत नाहीत.’ मीही कित्येक वर्षं हेच धरून चालले होते.

पण हे कुणीतरी तपासून पाहिलंय. पश्चिम केनियातल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना मलेरियापासून वाचवणाऱ्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्यायच्या होत्या. कुठल्या दवाखान्यात फुकट द्यायच्या आणि कुठे किती पैसे घ्यायचे, हे जेसिका कोहेन आणि पास्कालिन ड्युपा या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. २०१० साली निष्कर्ष छापून आले. किंमत शून्यावरून ६० अमेरिकी सेंटवर नेली, म्हणजे तरीही ९० टक्के सवलत होतीच, तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण तब्बल ६० टक्क्यांच्या फरकाने खाली आलं. बरं, पैसे मोजणाऱ्या बायका ती जास्त वापरत होत्या का? तसंही आढळलं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी ते वाक्य बोलणं सोडलं.

एकदा औषधाच्या खिडकीशी माझ्यापुढे एक बाई उभी होती. ‘दहा दिवसांच्या लिहिल्यात, पण आत्ता चारच दिवसांच्या द्या,’ म्हणाली. आतल्या माणसाने कात्रीने गोळ्यांची पट्टी कापली. अर्धवट पट्टी मुठीत धरून ती निघून गेली. कागदोपत्री तिला तपासलं होतं, औषध लिहून दिलं होतं, म्हणजे सेवा मिळाली!

सर्वांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचवायची तर संशोधन हवं, याच विषयाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१३चा आपला अहवाल वाहिला होता. प्रत्येक देशाने संशोधन नुसतं वापरू नये, स्वतः करावंही, हे त्यातलं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. दुसरीकडचे आकडे उसने घेऊन आपल्या दवाखान्यात काय अडतंय ते कसं कळणार?

आणि नुसता हिशेब करूनही भागत नाही. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना आरोग्यसेवेच्या छत्राखाली आणलं, तेव्हा डायलिसिस त्यात नव्हतं. खर्चाच्या मानाने मिळणारा लाभ बघितला तर ते बसतच नव्हतं. पण डायलिसिसपायी घरं कर्जात बुडतात, हेही अभ्यासातूनच पुढे आलं होतं. दोन्ही बाजू टेबलावर ठेवून २००८ मध्ये डायलिसिस योजनेत घेतलं, तेही आधी घरच्या घरी, पोटात द्रव सोडून करायचं. २०२२ मध्ये पोटातून की यंत्रावर, ही पद्धत निवडायची मोकळीक रुग्णाला दिली. खर्च माहीत असून घेतलेला हा निर्णय आहे, म्हणून मला त्याचा आदर वाटतो.

२०२१ मध्ये जगातल्या सुमारे ४५० कोटी लोकांपर्यंत अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे पोहोचत नव्हत्या. त्यामुळे यापुढे कुठलीही योजना जाहीर झाली, की किती कार्डं वाटली हे मला ऐकायचं नाही. किती जणांनी खिडकीशी पट्टी कापून घेतली, ते कुणी मोजलंय का, एवढंच मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.