शेठचे यंत्र आणि विमानाचे पोट

दिवाळी सरून चारच दिवस झाले होते. पेडण्याच्या बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर कोणाच्या घरचे फोव चांगले झाले होते यावरची चर्चा आटोपली आणि दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात उड्डाणापूर्वीच पेटलेल्या एका प्रवाशाच्या पॉवरबँकचा विषय निघाला. बातमी सगळ्यांनी वाचलेली असल्यामुळे ती पुन्हा सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. वाद सुरू झाला तो शेठच्या एका वाक्यावरून. "पेटते कोणाची तरी पॉवरबँक आणि डोळे वटारले जातात आमच्या व्हेपवर," असे म्हणून त्यांनी बशीतला चहा ओढला.

शेठ आखातातली नोकरी संपवून परतले, तेव्हापासून त्यांचे प्रत्येक वाक्य 'आमच्या दुबईत' या शब्दांनी सुरू होते. ते कट्ट्यावर पोहोचण्याआधी त्यांचे अत्तर पोहोचते आणि ते निघून गेल्यावरही बराच वेळ तिथेच बसून राहते. व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, कोणी सिगारेट म्हटलेले त्यांना खपत नाही. तो धूर नसून वाफ आहे, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी ऐकवले आहे.

"वाफ पातोळ्यांची असते," मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवणारे आमचे भाई म्हणाले. "हळदीच्या पानाचा वास येतो तिला. तुझ्या त्या नळीतून येतो तो धूरच."

भाई आणि शेठ एका वर्गात होते, त्यामुळे त्यांच्यात अरे-तुरे चालते. त्या दोघांना आठवीत विज्ञान शिकवणारे मास्तरही कट्ट्यावर होते आणि त्यांनी दोघांनाही चूक ठरवले. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांत मिसळलेले निकोटीन तापलेल्या तारेवर जाते आणि अतिशय बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडते, म्हणून शास्त्राच्या भाषेत ते धूरही नव्हे आणि निव्वळ वाफही नव्हे, असे त्यांनी सांगितले. विमानाच्या शौचालयातले धूर ओळखणारे उपकरण मात्र शब्दांची अशी चिकित्सा करत बसत नाही. हवेत बारीक कण दिसले की ते वाजू लागते.

एवढ्यात ताई आली. ती मोपाला चेक-इनच्या खिडकीवर काम करते आणि सकाळची पाळी संपवून घरी जाताना कट्ट्यावर दहा मिनिटे थांबते. वयाने ती आमच्यात सर्वांत लहान असली, तरी सगळे तिला ताईच म्हणतात. विषय काय आहे हे कळताच ती उभ्याउभ्याच बोलू लागली.

"शेठ, बॅगेत पॉवरबँक, लायटर, ई-सिगारेट आहे का, असे मी समोरच्या प्रत्येक माणसाला विचारते. माझा प्रश्न अर्धा असतानाच 'नाही' असे उत्तर आलेले असते. आतल्या एक्सरेत बॅग अडकते, माणसाला माघारी बोलावले जाते, त्याच्यासमोर बॅग उघडली जाते, आणि कपड्यांच्या मधोमध तुमचे हे यंत्र निघते. मग तो माणूस माझ्याकडे असे बघतो, जणू ते मीच आत ठेवले होते."

"आमच्या दुबईत ही वस्तू दुकानात उघड विकतात," शेठ म्हणाले.

"विकतात ना? मग तिथेच ओढा आणि तिथेच सोडून या. मध्ये विमान आहे, आणि त्यात तुमच्याखेरीज आणखी दीडशे माणसे बसलेली असतात."

शेठनी मग आकड्यांचा आधार घेतला. शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विमानात चालते हा नियम त्यांना पाठ होता. मास्तरांनी वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडले. व्हेपमध्ये सर्रास वापरला जाणारा एक सेल घेतला, तर ३.७ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास, म्हणजे ११.१ वॉट-तास होतात. मर्यादेच्या जेमतेम नवव्या भागाइतके हे उत्तर पाहून शेठ विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहू लागले.

"गणित बरोबर आले आहे, पण तू प्रश्नच वाचलेला नाहीस, आणि आठवीतही तू हेच करायचास," मास्तर म्हणाले. "बॅटरी किती मोठी आहे हा पहिला प्रश्न. ती विमानात कुठे ठेवली आहे हा दुसरा, आणि जीव जाईल तो दुसऱ्या प्रश्नावर."

यापुढे मास्तर जे बोलले, ते मला सविस्तर नोंदवून ठेवावेसे वाटते, कारण नियमांची पाटी वाचणाऱ्या बहुतेकांना नियमामागचे कारण कोणी सांगतच नाही. लिथियमच्या सेलमध्ये दोन थरांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. सेल आपटला, दाबला गेला किंवा घडणीतच सदोष राहिला, तर तो पडदा फाटतो आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते. त्यातून निघालेल्या उष्णतेने आतली रसायने आणखी उष्णता निर्माण करू लागतात, पेटणारे वायू बाहेर पडतात, शेजारचा सेल तापतो, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की नुसती ज्वाळा विझवून थांबत नाही. विमानाच्या पोटात, जिथे चेक-इनच्या बॅगा जातात, तिथे हॅलॉन वायू सोडून आग दाबण्याची सोय असते. हॅलॉन ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या सेलला थंड करत नाही. सेलला हवे असते भरपूर पाणी आणि ते ओतणारा माणसाचा हात, आणि उडत्या विमानाच्या पोटात माणसाचा हात पोहोचत नाही. प्रवासी बसतात तिथे हवाई सुंदरी धावत येऊ शकते, पाणी ओतू शकते आणि ती वस्तू बाजूला काढू शकते.

"म्हणून जे पेटण्याची शक्यता असते, ते तुमच्याजवळ ठेवायला सांगतात," ताई म्हणाली. "लोकांना वाटते की धोक्याची वस्तू दूर ठेवावी. विमानात धोक्याची वस्तू नजरेसमोर ठेवायची असते."

व्हेपमध्ये पॉवरबँकेहून एक गोष्ट अधिक असते, ती म्हणजे तापणारी तार. घट्ट भरलेल्या बॅगेत बटण दाबले गेले, तर ती तार कपड्यांच्या घडीत तापत राहते. चेक-इनच्या सामानात ई-सिगारेट नको हा दंडक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ साली घातला, त्यामागे हे मोठे कारण होते. विमानात ती चार्ज करण्यासही मनाई झाली. सुटे सेल न्यायचे तर तेही हातातल्या बॅगेत आणि टोके झाकून, म्हणजे किल्ल्या किंवा नाणी त्यांना टेकणार नाहीत अशा बेताने. दक्षिण कोरियाने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या विमानतळावर एक विमान उड्डाणापूर्वीच जळाले. डोक्यावरच्या कप्प्यातली पॉवरबँक हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले, आणि १ मार्चपासून तिथे पॉवरबँक आणि ई-सिगारेट वरच्या कप्प्यातही ठेवू देत नाहीत. ती अंगावर किंवा समोरच्या आसनाच्या खिशात ठेवावी लागते. बुसानच्या त्या विमानातली सगळी माणसे वाचली. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांचा साठा पेटला, त्या विमानातले दोन्ही वैमानिक मात्र वाचले नाहीत.

"आमच्या दुबईत..." शेठनी सवयीने सुरुवात केली आणि ते मध्येच थांबले.

भाईंनी ती संधी सोडली नाही. "दुबईचे नाव निघालेच आहे, तर माझ्या त्या तीन तासांचेही बोलू. दोन वर्षांमागे मी तुला आणायला मोपावर आलो होतो. विमान वेळेवर उतरले, सगळे प्रवासी बाहेर आले, पार्किंगचे पैसे चढत गेले, आणि तू तीन तासांनी बाहेर आलास. का उशीर झाला, हे तू आजपर्यंत सांगितले नाहीस आणि थांब्याचे पैसेही दिले नाहीस."

शेठ काही बोलेनात. ताईने त्यांच्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "मोज्यात होते की बुटात?"

"मोज्यात," शेठ म्हणाले, आणि कट्टा हसण्याने दणाणून गेला.

हसणे ओसरल्यावर शेठनी जे सांगितले, ते मात्र मला विचारात पाडणारे वाटले. हातातल्या बॅगेत ठेवले तर पकडले जाऊ, या भीतीने त्यांनी ते यंत्र मोठ्या बॅगेत, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून ठेवले होते. भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ पासून बंदी आहे. त्या दिवशी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ओढणाऱ्याला शिक्षा असे त्या कायद्यात लिहिलेले नाही, हे शेठचे म्हणणे खरे आहे, पण आयात, वाहतूक, विक्री आणि साठवण हे सगळे गुन्हे आहेत, आणि आयात अख्ख्या यंत्राची असो वा त्याच्या एखाद्या सुट्या भागाची, कायद्याला ती सारखीच. आयात, वाहतूक किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कस्टमच्या भीतीने माणूस ती वस्तू नेमकी अशा जागी लपवतो, जिथे ती पेटली तर कोणीही काही करू शकत नाही. कायदा आणि विमानाचा नियम एकमेकांच्या विरोधात नाहीत, पण लपवणारा माणूस दोन्ही एकाच वेळी मोडतो, आणि त्याची किंमत त्याच्या शेजारच्या आसनावर झोपलेले मूल मोजू शकते. परत येताना ती वस्तू बरोबर आणूच नये, एवढे एकच उत्तर मला दिसते, आणि आखातातून निघणाऱ्या आपल्या माणसांना हे तिकडच्या चेक-इनच्या खिडकीवरच आपल्या भाषेत कोणीतरी सांगायला हवे.

"सांगितले तरी ते 'नाही'च म्हणतील," ताई म्हणाली. "पण सांगायला हवे, हे खरे."

शेठनी विषय वळवण्यासाठी मास्तरांना विचारले की, ओढणारे प्रवासीच तेवढे वाईट का, वैमानिक कधी ओढत नाहीत का. प्रश्न त्यांच्याच अंगावर आला. जुलै २०१८ मध्ये हाँगकाँगहून दालियनला जाणाऱ्या एअर चायनाच्या विमानात सहवैमानिकाने कॉकपिटमध्ये ई-सिगारेट ओढली, वाफ प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून हवा फिरवणारा पंखा बंद करायला तो गेला, आणि त्याने चुकून शेजारची हवेची यंत्रणाच बंद केली. प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले आणि विमान सुमारे ३५,००० फुटांवरून १०,००० फुटांपर्यंत झपाट्याने खाली आणावे लागले. खरी सिगारेटही मास्तरांनी सोडली नाही. पॅरिसजवळ जुलै १९७३ मध्ये ब्राझीलच्या एका विमानाच्या शौचालयात आग लागली, कचऱ्याच्या डब्यात टाकलेले थोटूक हे तिचे संभाव्य कारण ठरले, आणि १२३ माणसे गेली. धूम्रपानाला मनाई असूनही विमानाच्या शौचालयात आजही रक्षापात्र असते; एखाद्याने नियम मोडलाच, तर थोटूक कागदांच्या डब्यात तरी पडू नये, एवढाच त्याचा हेतू असतो.

"आणि आपल्या गोव्याने १९९७ सालीच सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला," मास्तर अभिमानाने म्हणाले. "केंद्राचा कायदा आला २००३ मध्ये."

भाईंच्या भाच्याचे नुकतेच लग्न झाले आहे आणि तो बायकोसह बँकॉकला निघाला आहे. त्याच्याही खिशात असे काहीतरी असते, हे भाईंना ठाऊक होते. ताईने त्यांना बजावले की थायलंडमध्ये ई-सिगारेटच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, आणि सिंगापूरमध्ये तर २०१८ पासून ती नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. कोणत्या देशात चालते एवढे पाहून भागत नाही. वाटेत कुठे उतरायचे आहे, हेही पाहावे लागते. भाईंनी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला आणि जे काही सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शेठची आणखी एक आठवण भाईंकडे शिल्लक होती. एका चुलत भावाच्या लग्नाला शेठ थेट विमानतळावरून पांढऱ्या सदऱ्यात आले होते आणि त्यांच्या खिशाखाली तेलकट डाग पसरलेला होता. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी होतो, त्यामुळे व्हेपच्या टाकीतली हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलते, असे मास्तरांनी कारण सांगितले; अर्धी भरलेली टाकी जास्त गळते, कारण तिच्यात हवा जास्त असते. त्या द्रवाला आंब्याचा वास होता आणि मांडवातल्या माश्या शेठच्या मागे फिरत होत्या, हे भाईंनी पुरवणी म्हणून सांगितले.

"घराच्या मागे मानकुरादचे झाड असलेल्या माणसाने आंब्याचा वास बाटलीतून ओढावा," ताई म्हणाली, "हे त्या झाडाला कळू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी मोहोर येणार नाही."

शेठही हसले. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारले की, ते जुने यंत्र कस्टमवाल्यांनी घेतले ते घेतले, पण त्यानंतर कोणीतरी दिलेले आणखी एक आहे, त्याचे काय करावे. घरच्या कचऱ्यात टाकू नका, ते ई-कचऱ्यात द्या, असे ताईने सांगितले आणि आता ते कुठे आहे, असे विचारले.

"स्कूटरच्या डिकीत."

शेठची स्कूटर सकाळपासून कट्ट्याला टेकून उन्हात उभी होती. मास्तर आपला चहा घेऊन पहिल्यांदा उठले, त्यांच्यामागे आम्ही सगळे उठलो, आणि काही क्षणांत पूर्ण कट्टा पिंपळाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मी शेठकडून चावी घेतली, डिकी उघडली आणि ते तापलेले यंत्र सावलीत, दगडावर नेऊन ठेवले.

"चार दिवस आधी सांगितले असतेस," भाई पिंपळाआडून म्हणाले, "तर आमच्या वाड्यावर जाळलेल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात घातले असते. फटाक्यांचा खर्च वाचला असता, आणि त्यातून माझे तीन तासांचे पैसेही वळते झाले असते."

शेठनी खिशातून पाकीट काढले. ताईची दहा मिनिटे केव्हाच संपली होती, पण पैसे मोजून होईपर्यंत ती थांबली.