‘डोक्यात भंगार कशाला?’ असं विचारणाऱ्या वाचकास

‘मोबाईलने मेंदू खाल्ला’ या माझ्या मागच्या लेखावरची एक प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचलेली दिसते. जुन्या विद्यार्थ्यांचे फोनही आले, “बाई, बघितलं का?” बघितलं. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गाभा इथे देते:

“काकू, पाढे पाठ असणं म्हणजे बुद्धी नव्हे, पोपटपंची आहे. सगळं फोनवर मिळत असताना डोक्यात भंगार कशाला साठवायचं? ती जागा मोकळी ठेवली तर विचाराला वापरता येते. तुमच्या वडिलांकडे कॅल्क्युलेटर असता तर त्यांनीही तोच वापरला असता. आयक्यू गेली शंभर वर्षं वाढतोय, फ्लिन इफेक्ट वाचा. लिहिण्यामुळे स्मरणशक्ती जाईल अशी ओरड सॉक्रेटिसनेही केली होती.” शेवटी दात काढून हसणारे चेहरे.

महोदय, मी तुमची काकू नाही. माझी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यातल्या शाळांत गणित शिकवण्यात गेली. आमच्याकडे अशा बाईशी वाद घालायचा तर लोक आधी ‘बाई’ म्हणतात आणि मग हवं तेवढं भांडतात. आणि ते हसरे चेहरे! प्रश्न खरोखर पडला असेल तर माणूस प्रश्न विचारतो, विचारून झाल्यावर आजूबाजूला कोण हसतंय ते बघत नाही. मुद्दा असणाऱ्याला एवढ्या आरासीची गरज पडू नये.

एक गोष्ट मात्र मान्य करते. लेखाचं शीर्षक भडक होतं. ‘मोबाईलने मेंदू खाल्ला’ म्हटल्यावर कुणीतरी बिथरणारच. तेवढं तुमच्या पदरात टाकते.

आता भंगाराकडे वळू. डोकं म्हणजे मोंढ्यातलं, धान्यबाजारातलं, गोदाम नव्हे, की एक पोतं बाहेर काढलं की दुसऱ्याला जागा झाली. अडचण साठवणुकीच्या जागेची नसतेच. विचार करताना एका वेळी मनासमोर किती गोष्टी धरता येतात, ही खरी अडचण. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ साली हा आकडा सात, अधिक-उणे दोन असा मांडला. त्याच क्षेत्रातल्या नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो चारच्या आसपास खाली आणला. एवढ्याशा जागेत माणूस मोठा विचार कसा करतो? आधीपासून पाठ असलेल्या गोष्टींचे गठ्ठे बांधून. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग आम्हाला बीएडला होता. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पटावर लावून दाखवत. त्याच सोंगट्या कशाही विस्कटून मांडल्या, की ते नवशिक्यांच्या पंगतीत. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती, डोक्यात साठलेल्या डावांच्या जोरावर त्यांना पट ‘दिसत’ होता. ते डाव म्हणजेच तुमचं भंगार.

पोपटपंचीचं म्हणाल तर इथे वडिलांना आणणं भाग आहे. त्यांना तुम्ही आधीच आणलंय, त्यामुळे माझ्यावर आळ नको.

वडील मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दूतून, तेही अर्धवट. पोरसवदा वयात दुकानावर लागले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं, पण त्याचा हाली रुपया अजून चालत होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये. शेतकरी हालीत विचारायचा, बाहेरचा व्यापारी कलदारात बोलायचा, आणि मधला हिशेब हे पोरगं उभ्या उभ्या तोंडी करायचं. त्यात ते आणे-पै. मग १९५७ मध्ये नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. पुढे मण-शेर गेले, क्विंटल-किलो आले. एका हयातीत नाणं बदललं, मोजणी बदलली, वजनं बदलली, आणि दर वेळी या माणसाने पावकी-निमकी-पाऊणकी-औटकीच्या आधारावर नवा हिशेब बसवला. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तुमच्या पिढीने ऐकला नसेल. पोपटाला शिकवलेलं वाक्य पोपट नव्या नाण्यात बदलून देतो का?

आणि कॅल्क्युलेटर? होता की. तो दुकानात आल्यावर वडिलांनी वापरलाही. पण रीत ठरलेली: आधी तोंडी, मग यंत्रावर. दोन्ही जुळलं नाही तर आधी यंत्रावरची बटणं पुन्हा दाबायची. तुमचं वाक्य म्हणून खोटं नाही, अर्धं आहे. अर्धं वाक्य ठोकून देण्याची घाई कुठून येते, त्यावरच तर मूळ लेख होता. तो पूर्ण वाचायला तुम्हाला सवड झाली नसावी.

माझी एक विद्यार्थिनी दहावीनंतर घरच्या शेतीत अडकली. सोयाबीन घालायला स्वतः मोंढ्यात जाते. एकदा चौदा क्विंटल साठ किलो माल, भाव क्विंटलला ४,२०० रुपये. काउंटरवरच्या मुलाने १४.६० च्या जागी १४.०६ दाबलं आणि हिशेबाच्या पट्टीवर ५९,०५२ आले. ही म्हणाली, “दादा, पट्टी फेर करा, दोन हजाराच्या वर फरक यायलाय.” तिने केलेला हिशेब असा: पंधरा क्विंटलचे ६३ हजार, त्यातून चाळीस किलोचे १,६८० वजा, राहिले ६१,३२०. फोन पदराला बांधलेला होता, काढला नाही. मुलगा अप्रामाणिक नव्हता. समोरचा आकडा चुकलाय असा संशयच त्याला आला नाही, आणि संशय यायला डोक्यात काहीतरी असावं लागतं. फोन उत्तर देईल हो, पण उत्तर विचारून बघावं हे सुचायचं कुणाला?

तुम्हाला संशोधनच हवं असेल तर तुर्कस्तानातला प्रयोग बघा. माध्यमिक शाळेतल्या जवळपास हजार मुलांना गणिताच्या सरावात जीपीटी-४ हे प्रश्नांना उत्तरं देणारं एआय दिलं. साधं चॅटबॉट मिळालेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे. तुमच्या हिशेबाने त्यांच्या डोक्यात केवढी जागा मोकळी झाली असेल! दुसऱ्या गटाला आयतं उत्तर न देता इशारे देणारं साधन दिलं होतं. तिथे हे नुकसान जवळपास दिसलं नाही. हे मी लपवत नाही. यंत्र वाईट असं मी मूळ लेखातही म्हटलेलं नाही, पण तिथवर तुम्ही पोचला असाल तर.

उरलेलं झटपट. फ्लिन मला ठाऊक आहे. नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर जन्मलेल्या मुलांत तोच आयक्यूचा आलेख खाली वळल्याचं २०१८ मध्ये छापून आलं. तो वळला तेव्हा स्मार्टफोन नव्हते, तेव्हा तो ना तुमच्या कामाचा ना माझ्या. माझ्या लेखात २०११ चा गुगल आणि स्मरणाचा अभ्यास होता. त्यातला एक प्रयोग २०१८ च्या फेरतपासणीत टिकला नाही. हे तुम्ही दाखवून दिलं असतं तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. पण त्यासाठी शोधावं लागतं. सॉक्रेटिसची ओरड खोटी ठरली हे कुणी ठरवलं? माझ्या आजीला पहाटभर पुरतील इतक्या जात्यावरच्या ओव्या येत, अक्षरओळख नव्हती. मला लिहितावाचता येतं आणि दहा ओव्या सलग येत नाहीत.

तुम्ही मूळचे लातूरचे, आता हिंजवडीत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं पाठांतर आणि सराव परीक्षांत गेलीच असणार. ज्या शिडीने वर गेलात ती भंगारात घालायची तर घाला, पण खालच्या पोरांना ती मिळू नये असा सल्ला देऊ नका.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची जरूर लिहा. वडिलांवरचं वाक्य त्यात पुन्हा आलं तर मात्र छापणार नाही.