मार्क नकोत, तारखा द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात एक जुना वाद नव्याने पेटतो. खेळाडूंना सवलतीचे गुण द्यावेत का? जास्तीत जास्त २५ गुणांची मर्यादा योग्य आहे का? सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात बोगस प्रमाणपत्रं शिरतात, त्याचं काय? आता त्यात नव्या शैक्षणिक धोरणातल्या सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटांची भर पडली आहे. या चर्चेत कुणीतरी हमखास लिहितं, ‘अमेरिकेत बघा, तिथे खेळाच्या जोरावर फुकट शिकता येतं.’

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचा सॉकर, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो. त्याचे पहिले चार आठवडे नीट पाहिले, तर हे वाक्य किती अर्धवट आहे ते कळतं. या कॉलेजांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, पण ती पैसा नाही आणि मार्क तर नाहीतच.

आधी पैशाचं बघू. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सर्वांत मोठी राष्ट्रीय संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या तीन विभागांपैकी तिसऱ्यात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, सव्वाचारशेच्या आसपास कॉलेजं आणि जवळपास दोन लाख खेळाडू आहेत. म्हणजे तिन्हींत हाच विभाग सर्वांत मोठा. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला नियमानेच बंदी आहे. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर किंवा शालेय गुणांवर, आणि ती सॉकर न खेळणाऱ्यालाही त्याच निकषावर मिळते. परीक्षेत वाढीव गुण नाहीत. फार तर काही कॉलेजांत शारीरिक शिक्षणाचं एखादं क्रेडिट सुटतं. तरीही दर्जा बघायचा तर पेनसिल्व्हेनियातल्या मसायाचं उदाहरण घ्या. या कॉलेजच्या मुलांच्या संघाने २००० ते २०१७ या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. शिकागो विद्यापीठाने २०२२ मध्ये २२ विजय आणि एक बरोबरी अशी कामगिरी करून, एकही सामना न हरता विजेतेपद घेतलं. त्या संघाच्या प्रशिक्षक ज्युलियान सिच होत्या. एनसीएएत मुलांच्या सॉकर संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारी ही पहिली महिला प्रशिक्षक. यातल्या एकाही खेळाडूला कॉलेजकडून खेळाच्या शिष्यवृत्तीचा एक डॉलर मिळालेला नव्हता.

मग मुलं खेळतात कशासाठी? त्याचं निम्मं उत्तर वेळापत्रकात आहे.

सामन्यांच्या तारखा उन्हाळ्यातच जाहीर होतात. पहिला सामना ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत. मग ऑक्टोबर संपेपर्यंत आठवड्याला साधारण दोन, एक मधल्या वारी आणि एक शनिवारी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपापल्या कॉन्फरन्सची, म्हणजे सात ते बारा कॉलेजांच्या गटाची स्पर्धा, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय अंतिम सामना. एकेक संघ दहा-अकरा आठवड्यांत पंधरा ते वीस सामने खेळतो. वाईट संघही तेवढेच खेळतो. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे; त्याकडे पुन्हा येऊ.

सरावासाठी तास बुडवायला परवानगी नाही. सराव दुपारी चार-सव्वाचारला सुरू होतो, सहा-सव्वासहाला संपतो. एखाद्याचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल साडेचारपर्यंत असेल तर तो उशिरा येतो, आणि त्याबद्दल त्याला बाकावर बसवायचं नसतं. बुडतात ते बाहेरगावच्या सामन्यांच्या दिवसाचे तास. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात खेळाडू प्रत्येक प्राध्यापकाला तारखांचं पत्र देतो: अमुक बुधवारी बस एक वाजता सुटेल, तुमचा दीडचा तास चुकेल. चाचणी त्याच दिवशी असेल तर ती आधी द्यायची, नंतर नव्हे. प्राध्यापकांच्या बाजूने या साऱ्यावर नजर ठेवणारा एक प्रतिनिधी प्रत्येक कॉलेजात नेमलेला असतो, आणि तो क्रीडा विभागाचा नोकर नसतो. ७५ टक्के हजेरीचा वाद इथे होत नाही याचं कारण प्राध्यापक उदार आहेत हे नाही. कोणता तास बुडणार हे त्यांना सत्राच्या सुरुवातीलाच माहीत असतं.

आता मैदानावर. पहिल्या सरावाआधीच्या सहा महिन्यांत झालेली वैद्यकीय तपासणी लागते. (आपल्याकडे ओळखीच्या डॉक्टरांनी मुलाला न बघता दिलेलं फिटनेस सर्टिफिकेट आठवून बघा.) सुरुवातीचे पाचएक दिवस शरीराला उन्हाची सवय लावण्यासाठी हात राखून सराव घेतला जातो. कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ऑगस्टच्या उन्हात ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो, त्यामुळे शहाणे प्रशिक्षक सकाळी आठला किंवा संध्याकाळी मैदानात उतरतात. बाजूला बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवलेला असतो. उष्माघाताचा संशय आला की आधी टबात थंड करायचं आणि मग रुग्णवाहिकेत घालायचं, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. यासाठी दुखापती आणि प्रथमोपचार बघणारा, कॉलेजचा प्रशिक्षित, परवानाधारक अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर खेळाडूला बाहेर काढण्याचा शब्द त्याचा. प्रशिक्षक तो फिरवू शकत नाही.

या दिवसांत बिघडतं काय? सगळ्यात आधी मांडीच्या मागचा स्नायू. उन्हाळाभर नोकरी करून नुसतं लांब, संथ धावलेला मुलगा पहिल्या दिवशीच्या धावण्याच्या चाचणीत पास होतो आणि चौथ्या दिवशी पूर्ण वेगाने पळताना लंगडतो, कारण स्नायूला त्या वेगाची सवयच नसते. नवे बूट कृत्रिम गवतावर घातले की टाचा सोलतात. ते जूनपासून पायात हवेत. तिसरी अडचण बचावफळीची. दर मे महिन्यात सात-आठ जण पदवी घेऊन जातात. कॉर्नर किकवर कोणी कोणाला धरायचं हे ज्याच्या आवाजावर चालायचं तोच गेलेला असतो. म्हणून सप्टेंबरमध्ये कॉर्नर आणि फ्री किकवरून खाल्लेले गोल जास्त दिसतात. त्यात प्रशिक्षकाचं अपयश शोधण्यात अर्थ नाही.

नियमही थोडे वेगळे आहेत, आणि टीव्हीवर युरोपातल्या लीग बघणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. घड्याळ ४५ वरून शून्याकडे उलटं चालतं. गोल, पेनल्टी, कार्ड यांसाठी थांबतं. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत असेल तर तो नंतर जाळ्यात गेला तरी गोल नाही. बदली खेळाडू कितीही घेता येतात. मात्र पहिल्या सत्रात बाहेर गेलेला मध्यंतरापर्यंत परत येऊ शकत नाही, आणि दुसऱ्या सत्रात एकदाच परत येऊ शकतो. त्यामुळे इथला खेळ लाटांचा आहे. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला आख्खी आघाडीफळी बदलते आणि ताजे पाय प्रतिस्पर्ध्याच्या बचावावर धावून जातात. सौंदर्य कमी, दम जास्त. ही टीका खरी आहे. पण याच नियमामुळे सतरावा-अठरावा मुलगाही प्रत्येक सामन्यात मैदान बघतो. २०२२ पासून साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला, म्हणून सुरुवातीच्या निकालांत बरोबरीही दिसतात.

भाचा किंवा नात इथे खेळत असेल आणि पुण्यातून सामना बघायचा असेल, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी चारचा सामना म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात तुमची रात्र, दीड वाजता. बहुतेकांना सकाळी आकडेपत्रकच बघावं लागतं, आणि ते प्रत्येक सामन्याचं, अगदी तळाच्या संघाचंही, त्याच रात्री जाहीर होतं. त्यात निकालाच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात: एकूण फटक्यांपैकी गोलच्या दिशेने किती गेले, आणि कोण किती मिनिटं खेळलं. १८ फटके मारून १–१ बरोबरी झाली, पण त्यातले गोलकडे चारच असतील, तर संघ लांबून आशेवर मारतो आहे. पाच पिवळी कार्डं साचली की एका सामन्याची बंदी येते, म्हणून तो रकानाही सोडू नये.

पहिल्या आठवड्यातल्या ६–० वर भुलण्यात तर अर्थच नाही. २०२४ च्या हंगामापासून राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ जागांसाठी एनपीआय नावाचं गणित लागू झालं आहे. कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश. उरलेल्या जागा या क्रमवारीवर. त्यात निकालाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, प्रतिस्पर्धी किती तगडा हे मोजलं जातं. आणि ठरलेल्या किमान संख्येइतके विजय जमल्यावर, जे विजय सरासरी खाली ओढतात ते हिशेबातून वगळले जातात. थोडक्यात, दुबळ्या संघाला धुतल्याचा फायदा नाही, पण सप्टेंबरमध्ये बलाढ्य संघाला बरोबरीत रोखलं तर ती नोव्हेंबरात कामी येते. प्रशिक्षकांच्या मतांवर दर आठवड्याला निघणारी क्रमवारी चर्चेला छान. निवडीत तिला स्थान नाही.

आता दुसरी बाजू, कारण भाटगिरी करायची नाही. ही सगळी व्यवस्था फीवर उभी आहे, आणि नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा सगळा खर्च धरला तर तो वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. विद्यार्थी कमी पडू लागलेली छोटी कॉलेजं खेळाचा वापर जागा भरायला करतात. संघात चाळीस मुलं घ्यायची, प्रवासाच्या बसमध्ये पंचवीस न्यायची, आणि उरलेल्यांनी दुय्यम संघात खेळत चार वर्षं फी भरायची. एवढं करूनही कॉलेज तगेल याची हमी नाही. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ ला बंद झालं. त्यांचा बेसबॉल संघ तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत खेळत होता. कॉलेज उरलं नव्हतं, संघ होता.

म्हणूनच आपल्या शहरांत ‘फुटबॉल स्कॉलरशिप मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना पालकांनी एकच प्रश्न विचारावा: कोणत्या डिव्हिजनचं कॉलेज? उत्तर ‘थ्री’ असेल तर खेळाची शिष्यवृत्ती असूच शकत नाही. तिथे प्रशिक्षकाचा ‘तू आमचाच’ हा ईमेल म्हणजे प्रवेश नव्हे. तो फार तर मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला आधी दाखवून अंदाज घेतो. सही करायला देतात तो कागदही कोणालाच बंधनकारक नसतो.

फी आपल्याला परवडणार नाही आणि परवडू नये. तारखा मात्र फुकट असतात.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची रचना बघा. बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या, चार-सहा दिवसांत उरकणाऱ्या. तारखा अनेकदा आठ-दहा दिवस आधी कळतात. पहिल्याच फेरीत हरलेल्या कॉलेजचा वर्षाचा हंगाम एका सामन्यात संपतो, आणि हरणारी कॉलेजं निम्मी असतात. पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जातो तो या चार दिवसांवरून आणि एका शिबिरावरून. ज्याने वर्षात एकच सामना खेळला, त्याच्या हाती दाखवण्यासारखं प्रमाणपत्राशिवाय काय उरणार? बोगस प्रमाणपत्रांचा धंदाही इथेच फावतो. अमेरिकेतल्या मुलाने ‘मी खेळलो’ म्हटलं तर त्याची पंधरा सामन्यांची मिनिटं कुणीही पडताळू शकतं. आपल्याकडे पडताळायला एक शिक्का असतो.

तारखा नसल्या की वरच्या थरावरही काय होतं हे २०२५ च्या जुलैत दिसलं. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला, पुढचं ठरलं नाही, आणि आयएसएलचा, म्हणजे देशातल्या अव्वल व्यावसायिक फुटबॉल लीगचा, हंगामच लांबणीवर टाकला गेला. उलट कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या पेठांतल्या आणि तालमींच्या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, कारण तिथे लीग आहे. पुढचा सामना कधी, हे पेठेला माहीत असतं. कॉलेजच्या संघामागे तसं कुणी का नाही, याचं उत्तर मराठी माणसाच्या क्रिकेटवेडात शोधायची गरज नाही.

करायचंच असेल तर आकडेमोड सोपी आहे. एका शहरातली आठ कॉलेजं घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर २८ सामने होतात: सात शनिवार, दर शनिवारी चार, दोन मैदानांवर दोन-दोन. प्रत्येक मैदानावर तीन पंच, एक फिजिओ, बर्फ आणि आकडे लिहून घेणारा एक विद्यार्थी. त्यासाठी जिमखाना फी आपण प्रत्येक मुलाकडून घेतोच. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानं चिखलात असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सत्र परीक्षांत जातो, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. तारखा जूनमध्ये प्रवेशाबरोबरच छापायच्या, परीक्षा विभागाची सही घेऊन. अडेल ते मैदानाच्या आरक्षणावर, कारण त्या दिवसांत लग्नं आणि टेनिस बॉल क्रिकेट दोन्ही असतात. म्हणून पैसे जूनमध्येच भरावे लागतील. कोल्हापुरात मात्र लीगचे सामने त्याच सुमारास सुरू होतात आणि पेठेतला पोरगा तालमीचा सामना सोडून कॉलेजसाठी येणार नाही. तिथे आधी तालमींच्या तारखा बघायच्या आणि कॉलेजांच्या त्यानंतर लावायच्या.