आधी कान, मग डोळे

काल रात्री पुन्हा तेच झालं. एकच गाणं बघतो आणि झोपतो म्हणून अकराला बसलो, घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा पावणेदोन. बायको पाणी प्यायला उठली, टीव्हीकडे एक नजर टाकून म्हणाली, "अरे, हे तर तू गणपतीतही बघत होतास." होतो. दिवाळीतही बघेन. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम, कोपनहेगन, १ मार्च १९७२. कृष्णधवल चित्रण, मोजकी रोषणाई आणि पाच पोरं. त्यांचा 'मशीन हेड' हा अल्बम अजून बाजारात यायचा होता. ज्या एका गाण्यावरून आज शेंबडं पोरही त्यांना ओळखतं, ते 'स्मोक ऑन द वॉटर' त्या रात्री त्यांनी वाजवलंच नाही.

आमच्या पिढीची गोची अशी, की आम्ही या लोकांना वर्षानुवर्षं फक्त ऐकलं. सांगलीला होस्टेलवर कुणाच्या तरी मामाने दुबईहून आणलेली कॅसेट यायची. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. माझ्यापर्यंत पोचायची ती बहुतेक पाचवी, तीत गाण्यामागे सतत पाऊस पडत असायचा. कव्हर नाही, फोटो नाही, गाण्यांची नावं बॉलपेनने लिहिलेली आणि तीही चुकीची. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर जाडजूड असावा असं मला का कोण जाणे वाटायचं. निघाला काटकुळा.

खरा धक्का पुढेच होता. 'स्पेस ट्रकिन'मधला तो खरखरीत, दातओठ खाऊन वाजवल्यासारखा आवाज मी पंधरा वर्षं निव्वळ गिटारचा समजत होतो. व्हिडिओ बघितला आणि कळलं की त्यात मोठा वाटा ऑर्गनचा आहे. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या, म्हणजे गिटारवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो असा फाटून यायचा. मी रिमोट हातात धरून तसाच बसलो. पंधरा वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाचं आडनाव आपण चुकीचं घेत होतो, हे कळल्यावर होतं तसं काहीतरी झालं.

तर मुद्दा. मित्रमंडळी म्हणतात, "व्हिडिओत काय मजा, लाइव्ह म्हणजे समोर उभं राहून." मान्य, छातीत वाजणारा बेस टीव्ही देत नाही. पण मी मोठ्या मैदानावरचे कार्यक्रम पाहिलेत. तिकिटाला पैसे मोजून चार तास उभं राहायचं, पुढे सहा फुटी माणूस, त्याच्या डोक्यावर मोबाइल, आणि स्टेजवरचा गायक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. शेवटी मान वळवून बघितलं ते बाजूच्या पडद्यावरच. म्हणजे व्हिडिओच बघितला, फक्त पाय दुखवून. मला तिथे जे दिसत नाही ते घरी दिसतं: बोटं आणि डोळे. कोण कुणाकडे कधी बघतो, हे.

लेड झेपेलिन या बँडचं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधलं ९ जानेवारी १९७० चं चित्रण बघा. त्या दिवशी त्यांचा गिटारवाला जिमी पेज याचा सव्विसावा वाढदिवस होता. गायक प्लांट आणि ड्रमर बॉनम एकवीस वर्षांचे. एकवीस! त्या वयात मी केटी सोडवत होतो. कॅमेरेवाले हातात कॅमेरा धरून अगदी जवळून टिपतायत. 'मोबी डिक'मध्ये बॉनम काठ्या बाजूला टाकतो आणि नुसत्या हातांनी ड्रम वाजवायला लागतो. तळवा कुठे, बोटं कुठे, सगळं दिसतं. रेकॉर्डवर ते नुसतं 'ड्रम सोलो' असतं आणि खरं सांगायचं तर मी ते पुढे ढकलायचो. इथे डोळा हलवता येत नाही. हे चित्रण कितीतरी वर्षं पडून होतं, २००३ साली डीव्हीडीवर आलं. बॉनम १९८० मध्येच गेला होता.

आणि चुका! चुकांसाठी तर मी हे बघतो. 'द लास्ट वॉल्ट्झ' हा चित्रपट घ्या. २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड, 'द बँड' नावाच्याच बँडचा निरोपाचा कार्यक्रम, कॅमेऱ्यामागे मार्टिन स्कॉर्सेझी. पाहुणा म्हणून आलेला एरिक क्लॅप्टन पहिला सोलो सुरू करतो आणि त्याच्या गिटारचा पट्टाच सुटतो. 'द बँड'चा गिटारवाला रॉबी रॉबर्टसन बाजूलाच उभा आहे. तो क्षणाचाही खंड न पडू देता तिथूनच उचलतो. घसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चालता चालता हात द्यावा, तितकं सहज. तबलजीची सम चुकली आणि हार्मोनियमवाल्याने आवर्तन सावरलं, असं आपण मैफलीत बघतोच की. त्याच चित्रपटात ब्लूज गायक मडी वॉटर्स गायला उभा राहतो तेव्हा बाकीच्या कॅमेऱ्यांत फिल्म बदलणं चाललेलं, एकच कॅमेरा चालू. त्यामुळे तो म्हातारा आख्ख्या गाण्यात आपल्यासमोर ठाण मांडून आहे, कुठे पळवाट नाही. यापेक्षा चांगला संकलक मिळणार नाही. (या चित्रपटाच्या आवाजावर नंतर स्टुडिओत बरंच रफू झालंय, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये सांगू नका.)

पिंक फ्लॉइड या बँडचं पॉम्पेईमधलं चित्रणही तसंच. ऑक्टोबर १९७१, रिकामं रोमन अँफिथिएटर, प्रेक्षक नाहीत. 'वन ऑफ दीज डेज' वाजत असताना ड्रमर निक मेसनच्या हातातली काठी उडते, तो दुसरी उचलतो, ठेका जागचा हलत नाही. त्या गाण्यात जवळजवळ सगळा वेळ मेसनच का दिसतो? बाकीच्यांच्या चित्रणाची रिळं हरवली म्हणून. हरवली ते बरं झालं, मी म्हणतो.

आताच्या कार्यक्रमांत वीस-वीस कॅमेरे. दर दोन सेकंदांनी कट. बोटं दिसू लागली की ड्रोन, ड्रोन दिसला की रडणारी मुलगी, मग कागदाचे तुकडे. अरे, त्या माणसाला एक तान तरी पुरी करू द्या! श्रोता दाखवायचाच तर माँटेरेच्या संगीत महोत्सवाच्या चित्रणातल्यासारखा दाखवा. जून १९६७, जॅनिस जॉप्लिन गातेय, आणि समोर बसलेली मामा कॅस, जी स्वतः मोठी गायिका, तिच्या ओठांवर नुसतं 'वॉव' उमटतं. तेवढी एक दाद. पुरते.

क्वीनच्या 'लाइव्ह एड'बद्दल लिहीत नाही. ते सगळ्यांनी बघितलंय आणि त्यांचा गायक फ्रेडी पाचगणीच्या शाळेत होता हे आपण दर सहलीत एकमेकांना सांगतोच.

माझ्या वडिलांचं वय आता ब्याऐंशी. आयुष्यभर सवाईच्या मांडवात रात्री काढलेला माणूस. माझं संगीत म्हणजे त्यांच्या लेखी "पत्रे पडले". मागच्या महिन्यात मी हेच कोपनहेगन लावून बसलो होतो, ते पेपर वाचत शेजारी. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' आलं. त्यात एका टप्प्यावर सगळे गप्प होतात, ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गायक इयन गिलन तोच तुकडा गळ्यातून काढतो. मग त्याहून अवघड, मग त्याहून वर. पेपर हळूहळू खाली आला.

"बाकी सगळा गोंगाट आहे," बाबा म्हणाले, "पण या दोघांचं बरं चाललंय."

मी श्वास रोखून बसलो. पुढे 'स्पेस ट्रकिन' आलं. जॉन लॉर्ड त्या ऑर्गनवर असा वाकलेला, की आता तो आपटणार किंवा मिठी मारणार.

"हा पेटीवाला तयारीचा आहे. कुठे असतो आता?"

"गेला, बाबा. २०१२ साली."

त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला. "बरं. मघाशी मी वाचत होतो. सुरुवातीपासून लाव."