मशीन ओके

एसीचा सर्व्हिसवाला काल येऊन गेला. खोलीच्या मधोमध थर्मामीटर धरला, "24 लावलंय, 24 दाखवतंय, मशीन ओके" म्हणाला, ओटीपी मागितला, व्हिजिटचे पैसे घेतले आणि कागदावर 'कस्टमर एज्युकेटेड' असं लिहून गेला. पुण्यात जुलैच्या रात्री बाहेरच 23-24 असतं, त्यामुळे एसीला कामच उरत नाही, हे शिक्षण मी पैसे मोजून घेतलं. कॉम्प्रेसर गप्प, नुसता पंखा फिरतो, आणि कॉइलवर साठलेलं थोडंफार पाणीसुद्धा परत खोलीतच फुंकतो. चादर ओलसर, डब्यातले पोहे सादळलेले, लग्नातल्या बुटांवर हिरवी बुरशी. पण मशीन ओके.

त्याची पाठ वळते न वळते तोच खालच्या मजल्यावरचे काका रिकामी बादली घेऊन दारात.

"पाणी का बंद केलंत?"

मला वाटलं टाकीचं काहीतरी असेल. नाही. माझ्या एसीच्या पाइपखाली ते बादली लावतात, हे मला तेव्हा कळलं. जूनमध्ये रोज भरायची म्हणे. त्यावर त्यांच्या फरश्या पुसल्या जात होत्या.

काका सिमला ऑफिसातून निवृत्त झालेले. (बाहेरगावच्यांसाठी: हे ऑफिस शिवाजीनगरात आहे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून इथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण आम्ही नाव सोडलं नाही.) मी ओलीचं रडगाणं सुरू करताच ते थांबा म्हणाले, खाली गेले आणि एका लाकडी पट्टीवर शेजारी-शेजारी बसवलेले दोन तापमापक घेऊन आले. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीचं लंगोट.

"पंखा बंद. दार बंद. तुम्ही जरा लांब उभे राहा, श्वासाचा परिणाम होतो."

स्वतःच्या घरात मी बाल्कनीच्या दाराला चिकटून श्वास आवरत उभा. काका घडी केलेल्या पेपरनं त्या लंगोटाला वारा घालतायत. मध्येच हिनं चहाचं विचारलं, तर हातानंच 'वाफ नको' अशी खूण. शेवटी चष्मा कपाळावर चढवून निकाल आला: "कोरडा 24, ओला 22. म्हणजे आर्द्रता 84 टक्के. अहो, तुम्ही खोलीत नाही, ढगात राहताय!"

मग व्याख्यान. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग बरोबर बसेना, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं हे यंत्र आखलं. एसीचा जन्मच मुळी ओलीसाठी! आणि माझ्या रिमोटवर ओलीचा आकडासुद्धा नाही. सरकारनंही 1 जानेवारी 2020 पासून नियम केला तो स्टारवाला एसी आपोआप 24 वर सुरू व्हावा एवढाच. ड्राय मोड आहे, पण माझ्या मशीनमध्ये तोसुद्धा तापमानच बघतो. पंखा हळू करतो, कॉम्प्रेसर मधूनमधून चालवतो, ओल किती हे त्याला विचारायचं नाही. दोन-पाचशे रुपयांच्या भिंतीवरच्या घड्याळांत आर्द्रता दिसते. चाळीस हजारांच्या यंत्रात तेवढं घालायला यांचे हात मोडतात का? आणि वर व्हिजिट चार्ज!

"यावर उपाय काय, काका?"

"20 वर ठेवा. कॉम्प्रेसर चालेल, ओल जाईल, बादली भरेल."

"आणि आम्ही गारठायचं?"

"शाल घ्या."

"बिल?"

काकांनी तापमापक काळजीपूर्वक फडक्यात गुंडाळले. "ते तुमचं तुम्ही बघा. पाइप तेवढा थोडा आत सोडा, माझ्या ग्रिलवर शिंतोडे उडतात."